भिडू कोण वाटतो? : महिला खेळाडूंचा ड्राफ्ट आणि आपल्याकडचा लिलाव

तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने बास्केटबॉलवर का बोलावे, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर आम्हाला दिसते आहे. शंका रास्त आहे. तिचे उत्तर मध्ये कुठेतरी येईल. आधी आपण सगळ्यांनी लहानपणी केलेली एक गोष्ट आठवू या.

संध्याकाळी मैदानावर पोरे जमली की पहिला प्रश्न असायचा गडी वाटायचा. दोन दांडगे भिडू पुढे उभे राहायचे आणि आळीपाळीने एकेकाला आपल्याकडे ओढायचे. "हा माझा", "मग तो माझा". जो सगळ्यात शेवटी उरायचा त्याला कुणीच मागितलेले नसायचे. तो कच्चा लिंबू. काही ठिकाणी दुसरी रीत होती. सारख्या ताकदीचे दोघे बाजूला जायचे, गुपचूप नावे घ्यायचे, एक आंबा आणि एक फणस, आणि परत येऊन विचारायचे, "आंबा हवा की फणस?" आता बघा, या दोन रीतींत फरक आहे. पहिलीत निवडणाऱ्याला माणूस दिसतो. दुसरीत दिसत नाही, त्यामुळे शेवटी कोण उरला याची लाज कुणालाच येत नाही. पोरांना हे कुणी शिकवले नव्हते, पण वाटणीचा न्याय कसा करायचा यावर त्यांनी बराच विचार केलेला होता.

अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळांत जो 'ड्राफ्ट' होतो, तो यातली पहिली रीत आहे. वर्षातून एकदा सगळ्या संघांचे लोक जमतात आणि कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना क्रमाने उचलतात. सर्वसाधारण तत्त्व असे की मागच्या हंगामात जो संघ तळाला, त्याला आधी निवडण्याचा मान. ही पद्धत सुरू झाली ती बास्केटबॉलमध्ये नव्हे, तिकडच्या फुटबॉलमध्ये. फिलाडेल्फियाच्या संघाचा मालक बर्ट बेल याने १९३५ साली ती सुचवली आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजी पहिला ड्राफ्ट झाला. बेलचा स्वतःचा संघ त्या वेळी तळाला होता, हे इथे नमूद करायला हवे. म्हणजे पहिली निवड त्यालाच मिळाली. त्याने जे बर्वँगर नावाच्या, त्या काळातल्या सर्वांत गाजलेल्या कॉलेज खेळाडूला उचलले, आणि गंमत अशी की बर्वँगर त्या लीगमध्ये एकदाही खेळला नाही. पगार पटला नाही, त्याने दुसरा व्यवसाय धरला. इतिहासातला पहिला निवडलेला माणूस "नको" म्हणून निघून गेला, ही गोष्ट आम्हाला फार आवडते.

ड्राफ्टचे समर्थन समतेच्या भाषेत होते. श्रीमंत संघाने सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत, दुबळ्याला आधी संधी मिळावी. ऐकायला छान आहे. पण ही समता कुणाकुणात? संघमालकांत. खेळाडूच्या बाजूने पाहिले तर चित्र उलटे होते. एकदा एका संघाने तुमचे नाव उच्चारले की त्या लीगमधला दुसरा कुठलाही संघ तुमच्याशी बोलू शकत नाही. काल बारा दारे होती, आज एकच उरले. त्या एका दाराशी तुम्ही पगाराची घासाघीस किती करणार? बेलच्या योजनेमागे पगार आटोक्यात ठेवण्याचा हिशोबही होताच.

आता बायकांकडे वळू. बास्केटबॉल हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नायस्मिथ याने काढला, आणि पुढच्या एक-दीड वर्षातच सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो स्मिथ कॉलेजातल्या मुलींना शिकवला. म्हणजे मुली या खेळात जवळपास पहिल्या दिवसापासून आहेत. पण 'निवडले जाणे' त्यांच्या वाट्याला यायला फार काळ जावा लागला. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पुरुष संघाने डेनिस लाँग हिचे नाव ड्राफ्टमध्ये घेतले, लीगने ती निवड रद्द केली. १९७७ साली न्यू ऑर्लिन्सच्या संघाने ल्यूसिया हॅरिस हिला १३७ व्या क्रमांकावर उचलले. ही मिसिसिपीतल्या कष्टकरी कृष्णवर्णीय कुटुंबातली मुलगी. १९७६ च्या माँट्रिआल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलचा पहिल्यांदा समावेश झाला आणि त्या स्पर्धेतला पहिला बास्केट हिचा. पुरुषांच्या लीगने अधिकृतपणे निवडलेली ती पहिली स्त्री. ती गेली नाही. त्या वेळी ती गरोदर होती, आणि पुरुषांच्यात जाऊन खेळण्याची तिची इच्छाही नव्हती. लोक तिची गोष्ट सांगताना इथे थांबतात. आम्हाला पुढचा प्रश्न पडतो : तिला जिथे जावेसे वाटले असते अशी जागा त्या दिवशी कुठे होती? नव्हतीच. अमेरिकेत बायकांची पहिली व्यावसायिक लीग १९७८ मध्ये निघाली आणि १९८१ मध्ये पैशाअभावी बंद पडली. ल्यूसिया तिथे थोडा काळ ह्यूस्टनकडून खेळली. तोवर तिचे उमेदीचे दिवस सरत आले होते.

आज आपण जिला डब्ल्यूएनबीए म्हणतो ती लीग १९९६ मध्ये स्थापन झाली आणि २१ जून १९९७ ला तिचे सामने सुरू झाले. सुरुवात कशी झाली पाहा. आठ संघ. आधी लीगनेच सोळा नामवंत खेळाडू दोन-दोन करून संघांना वाटून दिल्या. मग परदेशांत व्यावसायिक म्हणून खेळलेल्या बायकांसाठी एक वेगळी निवड झाली. शेवटी २८ एप्रिल १९९७ ला कॉलेजातल्या मुलींसाठी ड्राफ्ट झाला, त्यात ह्यूस्टनने टीना थॉम्प्सनला पहिल्या क्रमांकावर घेतले. तो संघ पुढची चार वर्षे सलग विजेता ठरला. मधल्या गटाकडे लक्ष द्या. इतकी वर्षे या बायका युरोपात, जपानात जाऊन पोट भरत होत्या. घरी लीग नव्हती म्हणून.

आता ते तत्त्वज्ञानाचे उत्तर. रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्ववेत्त्याचे 'अनार्की, स्टेट अँड युटोपिया' हे १९७४ चे पुस्तक. स्वातंत्र्य आणि समता यांच्या वादात ते टाळता येत नाही, आम्हीही वर्षानुवर्षे एम. ए.च्या वर्गात ते शिकवले. त्याच्या मधोमध एक बास्केटबॉलपटू उभा आहे, विल्ट चेंबरलेन. नोझिक म्हणतो, समजा समाजात संपत्तीचे अगदी न्याय्य वाटप झालेले आहे. आता लोक चेंबरलेनचा खेळ पाहायला येतात आणि प्रत्येक जण आपल्या खुशीने तिकिटामागे पंचवीस सेंट त्याच्यासाठी वेगळ्या पेटीत टाकतो. हंगामाच्या शेवटी तो प्रचंड श्रीमंत होतो. कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही, मग या विषमतेत अन्याय कुठे? युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण त्यात नोझिकने कंसात एक गृहीत धरले आहे : करार एकेका वर्षाचे आहेत आणि खेळाडू वाटेल त्या संघाशी करार करायला मोकळे आहेत.

हे कंसातले वाक्य त्या वर्षी खरे नव्हते. प्रत्यक्षातला चेंबरलेन १९५९ मध्ये फिलाडेल्फियाकडे गेला तो 'प्रादेशिक हक्का'च्या नियमाने. म्हणजे तो त्या गावच्या शाळेत शिकला होता म्हणून त्या गावच्या संघाचा त्याच्यावर पहिला हक्क. त्याने कॉलेज केले ते कॅन्ससला, पण हक्क शाळेवरून लावला. आणि करार संपल्यावर दुसऱ्या संघाकडे जाण्याची वाट मोकळी व्हावी म्हणून खेळाडूंच्या संघटनेने ऑस्कर रॉबर्टसनच्या नावाने १९७० मध्ये जो खटला भरला, त्याची तडजोड झाली १९७६ मध्ये. नोझिकचे पुस्तक त्याच्या दोन वर्षे आधीचे. विद्यार्थ्यांना आम्ही सांगत असू की मोठ्या विचारवंताचे कंस आधी वाचा. तो ज्या गोष्टी घाईने पार करतो त्या तिथे असतात.

बेसबॉलमध्ये कर्ट फ्लड नावाचा खेळाडू याच काळात उभा राहिला. बारा हंगाम एका संघाकडून खेळल्यावर १९६९ मध्ये त्याला न विचारता दुसऱ्या संघाला देऊन टाकले. त्याने लीगच्या प्रमुखाला पत्र लिहिले, आपण म्हणजे विकण्या-घेण्याची मालमत्ता नव्हे अशा अर्थाचे. फ्लड कृष्णवर्णीय होता. त्याच्या तोंडून हा शब्द आल्यावर त्या देशात त्याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन असा निकाल त्याच्या विरोधात गेला.

म्हणून ड्राफ्टकडे पाहताना व्यासपीठावरची टोपी, जर्सी, आईबापांचे डोळे पुसणे, हे सगळे थोडे बाजूला ठेवून तिचा पगार कुणी ठरवला हे विचारावे लागते. १५ एप्रिल २०२४ ला ब्रुकलिनमध्ये झालेल्या ड्राफ्टचे उदाहरण घेऊ. इंडियानाने केटलिन क्लार्कला पहिल्या क्रमांकावर घेतले. कॉलेजमध्ये तिने गुणांचे विक्रम मोडलेले, टीव्हीवर तिला पाहायला लाखो लोक. तिचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण चौसष्ट लाख रुपये. त्याच्या आदल्या वर्षी पुरुषांच्या ड्राफ्टमध्ये पहिला आलेला व्हिक्टर वेम्बन्यामा, त्याचा पहिल्या वर्षाचा पगार एक कोटी वीस लाख डॉलरच्या घरात. जाहिरातींतून क्लार्कला पुष्कळ मिळाले, तो भाग निराळा.

तिकडचे लोक यावर चिडले, आणि चिडणे बरोबरच होते. पण त्या ७६,५३५ या आकड्यामागे एक गोष्ट होती जी आपल्याकडे नाही. तो आकडा मालकाने मनाला येईल तसा लिहिलेला नव्हता. महिला बास्केटबॉलपटूंची संघटना १९९८ पासून आहे आणि लीगशी तिचा लेखी सामूहिक करार असतो. कितव्या क्रमांकावर निवड झाली तर किती पगार, ही कोष्टके त्या करारातली. करार वाईट होता म्हणा हवे तर. तो बदलायचा असेल तर कुठल्या टेबलाशी बसायचे हे तरी मुलींना माहीत होते, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात संघटनेने मुदतीआधी त्यातून बाहेर पडण्याचा हक्क वापरला. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या दिवशी तीन फेऱ्यांत छत्तीस मुली निवडल्या गेल्या. लीगमध्ये तेव्हा बारा संघ होते, प्रत्येकात जास्तीत जास्त बारा जागा, एकूण १४४, आणि बहुतेक आधीच भरलेल्या. टाळ्यांच्या कडकडाटात निवडलेल्या कितीतरी मुली महिन्याभरात सरावशिबिरातूनच घरी जातात.

आपल्याकडे बास्केटबॉल आहे. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाची कर्णधार झाली. केरळची गीतू अण्णा जोस २०११ मध्ये अमेरिकेत जाऊन डब्ल्यूएनबीएच्या संघांपुढे चाचणी देऊन आली. पण ज्या दिवसाची मुलींनी वर्षभर वाट पाहावी असा निवडीचा दिवस आपल्याकडे आला तो क्रिकेटमुळे, आणि तो ड्राफ्ट नव्हता. तो लिलाव होता.

हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, 'लेलांव' वरून लिलाव. आपल्यापैकी बहुतेकांनी तो जाधववाडीच्या बाजार समितीत पाहिला आहे. मालाचा ढीग, भोवती व्यापारी, बोली चढते, आणि ज्याचा माल तो शेतकरी एका बाजूला उभा. १३ फेब्रुवारी २०२३ ला मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला तेव्हा आमच्या ओळखीतल्या काही जाणत्या बायकांना तो शब्दच बोचला. मुलींचा लिलाव? कांटने १७८५ मध्ये म्हटले होते की प्रत्येक गोष्टीला एक तर किंमत असते किंवा प्रतिष्ठा, आणि जिला प्रतिष्ठा आहे तिच्या बदल्यात दुसरे काही ठेवता येत नाही. तो आक्षेप आम्ही हलका मानत नाही. पण त्या दिवशीचे चित्र त्याहून गुंतागुंतीचे होते.

पहिले नाव पुकारले गेले स्मृती मानधनाचे. मुंबईत जन्मलेली, सांगलीत वाढलेली. ती तेव्हा विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेत होती आणि संघातल्या मुलींसोबत टीव्हीवर स्वतःचाच लिलाव पाहत होती. बंगळूरने तीन कोटी चाळीस लाखांना तिला घेतले आणि त्या खोलीत मुलींनी जो जल्लोष केला, तो ज्यांनी पाहिला त्यांना "मालाचा ढीग" हे शब्द अपुरे वाटले असतील. वर्षभर दर हंगामात फुकट खेळलेल्या, रेल्वेच्या नोकरीवर तगून राहिलेल्या मागच्या पिढ्यांच्या मानाने हा आकडा म्हणजे एक प्रकारची साक्ष होती. तीन-साडेतीन आठवड्यांच्या स्पर्धेसाठी मिळालेली ती रक्कम केटलिन क्लार्कच्या वर्षाच्या पगाराच्या पाचपट होते. लिलावाने जे दिले ते ड्राफ्टने दिले नसते. ड्राफ्टमध्ये दोन संघ एका मुलीसाठी भांडूच शकत नाहीत.

आता बाकीचे आकडे. नावे नोंदवली १,५२५ जणींनी. अंतिम यादीत आल्या ४०९. विकल्या गेल्या ८७. प्रत्येक संघाला खर्चायला मिळाले होते बारा कोटी. त्याच्या दोन महिने आधी पुरुषांच्या लिलावात सॅम करन या एकट्याला साडेअठरा कोटी मिळाले होते. म्हणजे बायकांचा अख्खा संघ एका पुरुषाच्या दोन तृतीयांश किमतीत. आणि पाच संघांचे हक्क मंडळाने विकले ते एकूण ४,६६९.९९ कोटींना. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की पुरे.

लिलावात खेळाडूच्या हातात एकच निर्णय असतो, आपली पायाभूत किंमत लिहिण्याचा. ठरलेल्या टप्प्यांतून. आंतरराष्ट्रीय खेळलेल्यांसाठी तीस, चाळीस किंवा पन्नास लाख, बाकीच्यांसाठी दहा किंवा वीस. जास्त लिहिले तर कुणी हात वर करणार नाही ही भीती, कमी लिहिले तर तेवढ्यातच जाण्याची. वीस-बावीस वर्षांच्या मुलीने कागदावर स्वतःची किमान किंमत टाकायची, हा प्रसंग एखाद्या कादंबरीकाराने लिहायला हवा होता. सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे घ्या. महाराष्ट्रातून निघून नागालँडकडून खेळायला गेली, २०२२ मध्ये वीस षटकांच्या सामन्यात नाबाद १६२ धावा केल्या, तेव्हा देशाचे लक्ष गेले. लिलावात तिला उत्तर प्रदेशच्या संघाने तीस लाखांना घेतले. पहिल्या सामन्यात तिने अर्धशतक काढले तेव्हा बॅटवर कुठल्याही कंपनीचे नाव नव्हते, तिने हाताने धोनीची अक्षरे आणि सात आकडा लिहिला होता.

असे नाही की आपल्याला ड्राफ्ट ठाऊक नव्हता. आयपीएलमध्येच २००८ साली एकोणीस वर्षांखालच्या पोरांना लिलावात न घालता ड्राफ्टने वाटले. दिल्लीने आपल्या पाळीला प्रदीप सांगवानला घेतले आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळूरकडे गेला. आणि ड्राफ्ट आपल्या सगळ्यात जवळ आला तो खो-खोत. अल्टिमेट खो-खो या लीगची निवड जुलै २०२२ मध्ये पुण्यात झाली. सहा संघ, खेळाडूंच्या प्रती ठरवलेल्या, पाच लाख, तीन लाख, दीड लाख, एक लाख. चढाओढ नाही, बोली नाही. रक्कम आधीच छापलेली, संघाने फक्त नाव घ्यायचे. ज्या खेळाचे नियम पुण्यातच लेखी झाले, त्या खेळाच्या पोरांना पहिल्यांदा खेळाचे बऱ्यापैकी पैसे मिळाले, याचा आनंद आहेच.

पण ते सहाही संघ पुरुषांचे होते. आणि मित्रहो, हे आम्ही मराठवाड्यात बसून बोलतो आहोत. धाराशिवची सारिका काळे, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कर्णधार, २०२० ची अर्जुन पुरस्कारविजेती. बीड जिल्ह्यातल्या कुटुंबातली प्रियांका इंगळे, जिच्या नेतृत्वाखाली १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवून पहिला विश्वचषक घेतला. ज्या प्रदेशाने या खेळाला दोन कर्णधार दिल्या, तिथल्या मुली लीगची ती निवड दूरदर्शनच्या प्रेक्षकांसारख्या पाहत राहिल्या. कबड्डीत २०१६ मध्ये एक प्रयोग झाला, बायकांचे तीन संघ केले, मुंबईची अभिलाषा म्हात्रे त्यातल्या एकाची कर्णधार होती. एक हंगाम झाला आणि थांबला. ल्यूसिया हॅरिसची आठवण इथे होते.

तेव्हा उद्या मुलींची खो-खो लीग निघाली आणि कुणी म्हणाले की आपण ड्राफ्ट घेऊ, लिलाव बोचतो, तर आम्ही लगेच टाळ्या वाजवणार नाही. ड्राफ्टमध्ये लिलावाची बोच नाही हे खरे. पण त्यात प्रतीचे आकडे कुणीतरी आधीच छापलेले असतात. ते कुणी छापले? अमेरिकेतच महिला फुटबॉल लीगने २०२४ च्या ऑगस्टमध्ये ड्राफ्ट बंद करून टाकला. खेळाडूंच्या संघटनेबरोबर नवा करार झाला आणि त्यात लिहिले गेले की कॉलेजातून येणारी मुलगी आपला संघ स्वतः ठरवील, आणि तिच्या संमतीशिवाय तिला दुसऱ्या संघाला देता येणार नाही. युरोपातल्या क्लबांत ड्राफ्ट नसतो, चांगल्या मुली तिकडे जाऊ लागल्या होत्या, हेही कारण होते. पण कलम लिहून घेतले ते संघटनेने. कर्ट फ्लडने एकट्याने जे मागितले होते त्याच्या जवळपासचे हे कलम, पंचावन्न वर्षांनी, मुलींनी मिळवलेले.

आपल्याकडे क्रिकेटपटूंची संघटना आहे. लोढा समितीच्या सुधारणांनंतर २०१९ मध्ये ती स्थापन झाली, पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही तिचे सभासद होता येते. पण खेळाडू निवृत्त असावा लागतो. जी आज खेळते आहे, जिचे नाव उद्या पुकारले जाणार आहे, तिच्यासाठी अर्ज नाही.

वेळ झाली आहे. आता आपण प्रश्न घेऊ.